शहरातल्या पाणथळ जागी पहिल्यांदा जाताना

आधी वेळेचं बघा. उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास सगळ्यात भारी, तेव्हा पक्षी खाण्यात गुंग असतात, ऊन चढलं की बरेचसे गवतात जाऊन बसतात आणि मग अकराला पोचलेली मंडळी म्हणतात इथे काहीच नाहीये. कपडे मातकट किंवा हिरवट, लांब बाह्यांचे, डासांचं क्रीम घरूनच लावून निघा. दुर्बीण ८×४२ ची पुरते, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. त्याहून जास्त पटवाली हातात हलत राहते, सुरुवातीला नकोच.

आता खरी गोष्ट, फिरू नका, बसा. लपण, म्हणजे आत बसून पक्षी बघायचा आडोसा, असेल तर त्यात, नाहीतर लाकडी वाटेच्या कडेला, फोन सायलेंट करून निदान २० मिनिटं. तुम्ही आलात म्हणून दडलेले पक्षी हळूहळू बाहेर येतात, आधी पाणकणसात नुसती हालचाल दिसते, मग एखादी पाणकोंबडी पिल्लं घेऊन निघते, मला तर हा क्षण दरवेळी नवा वाटतो.

नजर मोकळ्या पाण्यापेक्षा काठच्या चिखलावर ठेवा, शेकाट्या, तुतवार असे पक्षी तिथेच चोची खुपसून किडे शोधत असतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच गटार सोडलंय असं समजू नका, चिखलात ऑक्सिजन नसतो आणि तिथल्या जिवाणूंमुळे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पाणी कमी दिसलं तरी तेच, बऱ्याच ठिकाणी पातळी मुद्दाम उतरवतात, चिखल उघडा पडावा म्हणून. लंडनचं वेटलँड सेंटर, म्हणजे तिथली पक्ष्यांसाठी राखलेली पाणथळ जागा, २००० साली सुरू झालं ना, ते चार बंद पडलेल्या जुन्या जलाशयांवर उभं केलंय, आणि तिथेही पाणी खोल-उथळ ठेवायचं काम सतत चालूच असतं.

ब्रेड टाकू नका प्लीज, उरलेला पाण्यात सडतो आणि शेवाळ माजतं. घरातलं कासव किंवा मासे तर अजिबात सोडू नका. फोटोसाठी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावणंही नको, घरटं सोडून बिचारा भांडायला येतो. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली की तुम्ही फार जवळ गेलात, गुपचूप मागे या.

निघताना बुटांचा चिखल तिथेच खरवडून काढा, त्यात बिया असतात आणि पुढच्या पाणवठ्यावर गेलात की तिथे नको ते रुजतं.