टॅबचं गादीदार कव्हर शिवताना या चुका टाळा

भाच्याच्या टॅबला पहिलं कव्हर शिवलं ते एप्रिलमध्ये. आत गादीचा उरलेला स्पंज, बाहेरून आईच्या सुती साडीचं कापड. मऊसूत झालं होतं. श्रावण संपायच्या आत अस्तरावर काळे ठिपके उठले आणि टॅब बाहेर काढला की कुबट वास यायला लागला.

आमच्या वेंगुर्ल्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली. स्पंजची छिद्रं एकमेकांत उघडणारी, त्यामुळे तो ही ओल पीत राहतो आणि दोन कापडांच्या मध्ये ती सुकत नाही. जुन्या साडीचे चार-पाच थर घातले तरी तेच होतं. गोधडीला आपण ऊन दाखवतो, कव्हरला कोण दाखवतं? म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ईव्हीए फोमच वापरावा, असं माझं ठाम मत आहे. त्यातले हवेचे बुडबुडे बंद असतात, तो पाणी शोषत नाही. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी मिळणारी रंगीत फोम शीट बहुतेक वेळा याचीच असते. एकूण 3 मिमी जाडी पुरते. शीट पातळ असेल तर दोन थर घ्या.

सगळ्यात जास्त कव्हरं वाया जातात ती मापात. टॅब 13 सेमी रुंद, म्हणून 13 अधिक दोन्ही बाजूंची माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) 2, असं 15 सेमी कापड कापलं जातं. मग टॅब आत जातच नाही. टॅबची जाडी आणि फोम, दोन्ही जागा खातात. टॅब फोममध्ये गुंडाळा आणि टेपनं घेर घ्या. 13 सेमी रुंद, 1 सेमी जाड टॅबचा घेर फोमसकट साधारण 30.4 सेमी भरतो. त्याचा निम्मा 15.2, सैलपणाला अर्धा, मायेला 2, म्हणजे 17.7 सेमी. पावणेतीन सेमीचा फरक पडला! अस्तर मात्र रुंदीला बाहेरच्या कापडापेक्षा 1 सेमी कमी ठेवा, नाहीतर आत चुण्या पडून टॅब अडकतो. आणि सुती कापड कापण्याआधी धुऊन घ्या. ते पहिल्या धुण्यात आटतं, फोम आटत नाही.

फोमला माया ठेवू नका. तो शिवणीत आला की कडा जाड होते, कोपरे उलटत नाहीत. फक्त कापडं मशीनवर जोडायची, फोम मागाहून आत सरकवायचा आणि अस्तराचा तळ हातानं धावदोऱ्यानं मिटवायचा. गणपतीआधी तो दोरा ओढला की फोम बाहेर निघतो आणि कव्हर धुता येतं.

तोंडाशी मात्र चार-सहा पदर येतातच. तिथे टाके सुटत असतील तर दोऱ्याचा ताण फिरवत बसण्याआधी सुई बदला. 16 नंबरची घाला, टाका 3 मिमीच्या वर ठेवा, दोरा पॉलिएस्टरचा. पिनांच्या उशीत खोचून ठेवलेली सुई आमच्याकडे पावसाळ्यात गंजते. बोटाला गुळगुळीत वाटली तरी पांढऱ्या चिंधीतून एकदा ओढून बघा. तांबूस रेघ उठली तर ती टाकूनच द्या.

चेन नायलॉनची घ्या. धातूची चेन खाऱ्या हवेत गंज धरते आणि दात काचेवर घासतात. चेनच्या आतून दीड सेमीची पट्टी लावली की काच वाचते.

झाकणाला मॅग्नेट बटण लावलं आणि टॅब मध्येच काळा पडायला लागला, तर टॅब बिघडला असं समजू नका. बऱ्याच टॅबना झाकण मिटल्याचं चुंबकावरूनच कळतं. बटण काढून तिथे कापडी फासा आणि साधं बटण लावा.

चार्जिंगला लावताना टॅब कव्हरातून काढाच. फोम उष्णता धरून ठेवतो आणि तापून तापून बॅटरीचं आयुष्य घटतं. भाच्याला हे सांगून भागलं नाही, म्हणून त्याच्या कव्हराला चार्जरच्या वायरीसाठी भोकच ठेवलं नाही.