चांदरचा वाडा पाहायचा तर आधी शेतं पाहा

पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे गोव्यात आले की कळंगुट, बागा करून परततात. मी मडगावात राहते. माझ्याकडे उतरणाऱ्यांना मी एक दिवस हट्टाने पूर्वेकडे, चांदरच्या वाटेला लावते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

मडगावच्या बाजारात पातळभाजी-पाव आणि एखादा बन्स खाऊन आठच्या आत निघा. दुचाकी असेल तर उत्तम. थोडी वाट वाकडी करून कुडतरीवरून जा. या गावाला सासष्टी तालुक्याचं धान्याचं कोठार म्हणतात. हिवाळ्यात तळ्यांच्या पाण्यावर वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची शेती होते. तळ्याच्या बांधावर गाडी लावा, थोडं चाला. जांभळ्या पाणकोंबड्या दिसतील. पुढे वाड्यात जी झुंबरं आणि चिनी मातीची भांडी बघाल, ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरात आली ती अशाच भाताच्या आणि माडांच्या जिवावर. म्हणून हा क्रम मोडू नका.

चांदरला पोचल्यावरही लगेच वाड्यात शिरू नका. हे जुनं चंद्रपूर, आधी भोज आणि मग कदंब राजघराण्याची राजधानी. इतिहास संशोधक फादर हेन्री हेरास यांनी १९२९ साली इथे उत्खनन केलं. शिवमंदिराचे अवशेष आणि मस्तक नसलेला नंदी अजून तिथेच आहे. गावात कुणालाही विचारा, वाट दाखवतील. फार जण तिकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मिनेझिस ब्रागांझांचा वाडा. चर्चच्या चौकासमोर दोन डझन खिडक्यांची लांबच लांब रांग दिसते, तोच. घर एक, पण भाग दोन, आणि ते दोन वेगवेगळ्या घराण्यांचे. दोन्ही बघा आणि दोन्हीकडे देणगी द्या. एवढं घर सांभाळायला किती खर्च येत असेल ते छताकडे बघितलं की कळतं. लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे आवाज देऊन आत जा, फोटो विचारून काढा. रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ असते, आणि दुपारी जेवणाच्या वेळीही कुणाचं दार वाजवू नये.

पश्चिमेच्या भागात ग्रंथसंग्रहापाशी थांबा. लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) या घरचे. १९०० साली सुरू झालेल्या 'ओ हेराल्दो' या गोव्यातल्या पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या उभारणीत ते होते, आणि १९३० साली त्यांनी पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. नाचाचं दालन सगळे बघतात. मला विचाराल तर या घराचा खरा मान त्या पुस्तकांत आहे. पूर्वेच्या भागात घरातलं छोटं चॅपल आहे, तेही चुकवू नका.

बाहेर आलात की गावातल्या एखाद्या जुन्या घराची शिंपल्यांची खिडकी जवळून बघा. पातळ शिंपला घासून चौकोनी केलेला, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक तुकडा सरकवलेला. उजेड दुधासारखा आत येतो, ऊन मात्र डोळ्यांवर येत नाही. काच दुर्मीळ होती तेव्हाची ही कारागिरी.

जेवायला केप्याला जा. १७८७ साली धर्मगुरू जुझे पावलू द आल्मैदा यांनी कुशावती नदीच्या काठी बांधलेला 'पालासियु दु देआंव' हा वाडा तिथे आहे. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, तेव्हा आदल्या दिवशीच फोन करा. बागेत निवांत बसा. वेळ उरला तर रिवणच्या बाजूला उसगाळीमळची कातळशिल्पं आहेत. नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेले बैल आणि चक्रव्यूह तिरप्या उन्हात ठसठशीत दिसतात, म्हणून तिथे चारनंतरच जावं.

जून ते सप्टेंबरात येणार असाल तर निघण्यापूर्वी केप्याच्या वाटेवरच्या पारोडा गावाची चौकशी करा. कुशावतीला पूर आला की तिथला रस्ता पाण्याखाली जातो. तसं झालं तर केपे सोडा आणि चांदरहूनच परत फिरा.