पाव मापाचा पायपर कब: बांधणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

मोठ्या रेडिओ कंट्रोल विमानाची सुरुवात करायची तर पायपर जे-३ कब निवडा. मूळ विमान १९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला बनत होते. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७४ मीटर, म्हणजे पाव मापात २.६९ मीटर. पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत एकसारखी, ४० सेंटिमीटर, त्यामुळे सगळ्या फासळ्या एकाच साच्यातून निघतात. तयार मॉडेल साडेसात ते साडेआठ किलोचे होते आणि ३० सीसीचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन त्याला अगदी पुरेसे पडते. पुढचे सगळे आकडे आठ किलो धरून दिले आहेत.

छोट्या विमानात चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही. दीड किलोचे विमान ताशी ५४ किलोमीटरने जाताना त्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या नऊ-दहा पट ऊर्जा आठ किलोच्या विमानात ताशी ७२ किलोमीटरला असते. असे विमान माणसाला लागले तर जीव जाऊ शकतो. म्हणून बांधणीतला प्रत्येक बोल्ट, बिजागरी आणि वायर याच नजरेने तपासायची.

सांगाडा

कामासाठी बाजारात मिळणारा साधा फ्लश डोअर घ्या. २ मीटरपेक्षा लांब, सपाट, आणि टाचण्या टोचायला वर सॉफ्ट बोर्ड चिकटवला की झाले. बोर्ड दोन्ही दिशांनी पाणसळीवर घेतल्याशिवाय पहिली फासळी उभी करू नका. बोर्डाला असलेला पीळ पंखात उतरतो आणि पुढे विमान कायम एका बाजूला झुकते.

बाल्सा (अगदी हलके लाकूड) निवडताना तोलून घ्या. हलके तुकडे शेपटीला, कडक तुकडे पंखाच्या पुढच्या कडेला. शेपटीवर वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकावर दोन-तीन ग्रॅम शिसे मागतो. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्ट्या, बाल्साच्या नकोत. त्या स्प्रूसच्या लाकडाच्या करा आणि वरच्या-खालच्या स्पारमधली जाळी (पातळ पाट्या) बाल्साची ठेवा, तिचे रेषे उभे. जाळीचे रेषे आडवे लावले की पंख पहिल्याच जोरदार वळणात मोडू शकतो, आणि ही चूक नवशिके फार करतात.

लाकडाला लाकूड जोडायला फेविकॉलसारखा पांढरा गोंद उत्तम. तो सावकाश सुकतो. इंजिनाची फायरवॉल (इंजिन जिच्यावर बसते ती पाटी), लँडिंग गिअरची पाटी आणि पंखाच्या काठ्या म्हणजे स्ट्रट जिथे अडकतात ती जागा, या तीन ठिकाणी मात्र ३० मिनिटांचा इपॉक्सीच वापरा आणि २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांचा इपॉक्सी उन्हात तापल्यावर मऊ पडतो. फायरवॉल ६ मिलिमीटरच्या बर्च प्लायची हवी. तिच्या मागे चारही बाजूंना तिकोनी पट्टी आणि कडेतून आडव्या लाकडी खिट्ट्या घाला. इंजिन २ अंश उजवीकडे आणि २ ते ३ अंश खाली वळलेले बसवा.

पावसाळ्यात सांगाडा बांधायला हरकत नाही, पण वरचे प्लास्टिक फिल्मचे आवरण चढवू नका. दमट हवेत लाकूड पाणी धरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते सुकले की फिल्म सैल पडते.

सगळे जोडून झाले की सुतळी घ्या, मात्र ताणली जाणार नाही अशी. शेपटीच्या मध्यावर टोचलेल्या टाचणीपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचे अंतर मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. मग मागे चार मीटरवर उभे राहून पंख आणि आडवी शेपटी एका रेषेत दिसतात का ते पाहा. डोळा इथे मोजपट्टीइतकाच कामाचा आहे.

वाळूची परीक्षा

कबच्या काठ्या शोभेच्या नाहीत, उड्डाणात पंखाचा भार त्यांच्यावर येतो. त्यामुळे त्या लावून पंखाची ताकद जमिनीवरच तपासा. आठ किलोचे विमान चार जीच्या, म्हणजे वजनाच्या चौपट भाराच्या, वळणात ३२ किलोची उचल मागते. पंखांचे वजन दोन किलो असेल तर त्यातला आठ किलोचा भार पंख स्वतःच हलका करतात, उरले २४. विमान उलटे ठेवून करायची ही परीक्षा असल्याने पंखांचे दोन किलो आपोआप खाली ओढतातच. म्हणजे वाळू २२ किलो, प्रत्येक पंखावर ११.

धड फोमच्या ठोकळ्यांवर उलटे ठेवा, काठ्या जोडा आणि वाळूच्या एक-एक किलोच्या पिशव्या मुख्य स्पारवर मांडत जा. मुळाकडे जरा दाट, टोकाकडे विरळ. दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवा, नाहीतर विमान कलंडेल. प्रत्येक पिशवीनंतर थांबून कान द्या. बारीक ‘टिक’ ऐकू आली की कुठेतरी सांधा सुटला आहे. पिशव्या उतरवून तो शोधा. भार काढल्यावर पंखाची टोके होती त्याच उंचीला परत आली पाहिजेत.

सर्वो, काड्या आणि बिजागऱ्या

मोठ्या विमानांचे अपघात सर्वांत जास्त इथेच जन्म घेतात. एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) प्रत्येकी एक, इलेव्हेटरच्या (आडव्या शेपटीची हलती पट्टी) प्रत्येक अर्ध्याला एक, रडरला (उभ्या शेपटीची हलती पट्टी) एक आणि थ्रॉटलला एक, असे सहा सर्वो, म्हणजे रिमोटच्या हुकमावर हलणाऱ्या छोट्या मोटरी, लागतात. थ्रॉटल सोडून बाकी सगळे ६ व्होल्टला किमान १० किलो-सेंटिमीटर ताकदीचे, धातूच्या गिअरचे. इलेव्हेटरचे दोन्ही अर्धे स्वतंत्र सर्वोवर असले की एक बंद पडला तरी विमान खाली आणता येते. दोन सर्वो एकाच वाय-वायरवर जोडू नका. प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल दिला तरच दोन्ही अर्ध्यांची हालचाल सारखी लावता येते.

सर्वो आणि पृष्ठभाग जोडणाऱ्या काड्या ३ मिलिमीटरच्या, टोकांना बॉल लिंक किंवा धातूचे क्लेव्हिस (चिमट्यासारखी पकड), आणि क्लेव्हिस उघडू नये म्हणून त्यावर इंधनाच्या नळीचा छोटा तुकडा चढवा. सर्वोच्या हाताचे आतले भोक घ्या आणि हॉर्नचे (पृष्ठभागावरच्या हाताचे) बाहेरचे. यामुळे ताकद वाढते आणि ढिलाई कमी होते. हालचाल कमी पडली तरच बाहेर सरका. रिमोटवर ट्रॅव्हल (सर्वोच्या हालचालीची मर्यादा) ४० टक्क्यांवर आणून हालचाल कमी करू नका, तसे केले की सर्वोची अर्धी ताकद फुकट जाते.

आता इलेव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली हलवा. सर्वो चालू असताना ती जाणवण्याइतकी हलली तर ढिलाई आहे. ती बिजागरीत आहे, बॉलमध्ये आहे की सर्वोच्या गिअरमध्ये, ते एकेक धरून शोधा. ही ढिलाई आणि बिजागरीची मोकळी फट एकत्र आली की वेगात पृष्ठभाग फडफडायला लागतो. यालाच फ्लटर म्हणतात. मोठा गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि एक-दोन सेकंदांत इलेव्हेटर उखडतो. फट खालून पारदर्शक फिल्मच्या पट्टीने बंद करा.

सुरुवातीची हालचाल: इलेव्हेटर १५ अंश वर आणि तेवढीच खाली, रडर २५ ते ३० अंश दोन्हीकडे, एलेरॉन २० अंश वर पण १० अंशच खाली. एक्स्पो (काठी मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) २५ ते ३० टक्के.

वीज

रिसीव्हरला दोन सेलची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी द्या, साधारण २,३०० एमएएचची. ६.६ व्होल्ट असल्याने मध्ये रेग्युलेटर लागत नाही. अशा दोन बॅटऱ्या, दोन वेगळ्या स्विचमधून. बॅटरीपेक्षा स्विच आणि कनेक्टर आधी दगा देतात. लायफेचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे मीटर लावून चार्जचा अंदाज बांधू नका. चार्ज करताना किती एमएएच परत गेले ते वहीत लिहा.

इग्निशनची बॅटरी वेगळी. इग्निशनचा डबा, त्याच्या वायर आणि स्विच रिसीव्हरपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. थ्रॉटलची काडी धातूची ठेवू नका, इंजिनातला विद्युत गोंगाट तिच्यातून आत येतो. रिसीव्हर फोममध्ये गुंडाळा आणि त्याच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावा. प्रत्येक जोडणीवर क्लिप किंवा दोरा बांधा. इंजिनाच्या थरथरीने कनेक्टर दोन-चार उड्डाणांतच सैल होतो.

इंजिन

पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, ती फुगून मऊ पडते. टायगॉनची पिवळी नळी आणि पेट्रोलला टिकणारे बूच घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक करते. म्हणून दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरही सुकवा.

रन-इनला, म्हणजे नवे इंजिन रुळवताना, इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितलेले नसेल तर १ लिटर पेट्रोलला ३३ मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. प्रॉप (पंखा) १८×८ इंची. कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू दीड-दीड फेरा उघडून सुरुवात करा. कमाल फेऱ्या सापडल्या की जास्त वेगाचा स्क्रू थोडा उघडून सुमारे २०० फेरे खाली आणा. आयडल (इंजिनाची सर्वांत मंद चाल) १,६०० ते १,८०० वर. मग सहायकाने विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे आणि फुल थ्रॉटल ३० सेकंद द्यावा. इंजिन मंदावले तर मिश्रण कोरडे (पेट्रोल कमी) आहे किंवा टाकीतला क्लंक (नळीच्या टोकाचे वजन) अडकला आहे.

काऊलमधून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणातून, हवा बाहेर जायची वाट आत येण्याच्या वाटेच्या तिप्पट ठेवा. पहिल्या उड्डाणात बंद पडणारी बरीच इंजिने तापून बंद पडतात.

सुरू करताना चाकांना अडण्या, मागे सहायक, हातात जाड हातमोजा किंवा काठी. इग्निशन बंद करायचा स्विच रिमोटवर वेगळा असावा. चालू प्रॉपच्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही. कार्ब्युरेटरचे स्क्रू मागच्या बाजूने फिरवा.

तोल

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून २७ टक्क्यांवर, म्हणजे १०८ मिलिमीटरवर ठेवा, टाकी रिकामी असताना. तो १५ मिलिमीटर मागे निघाला आणि फायरवॉल योग्य बिंदूपासून ४०० मिलिमीटर पुढे असेल तर शिसे किती? ८,००० ग्रॅम गुणिले १५, भागिले ४००: ३०० ग्रॅम. पण त्याआधी दोन्ही लायफे बॅटऱ्या, मिळून साधारण ३०० ग्रॅम, ६०० मिलिमीटर पुढे सरकवून पाहा. तेवढ्याने २२ मिलिमीटर फरक पडतो आणि शिसे लागतच नाही. बॅटरीची जागा सर्वांत शेवटी पक्की करायची ती यासाठी. नाक थोडे जड असले तर विमान उडते, फक्त आळशी वाटते. शेपटी जड असली तर पहिल्याच मिनिटात हातातून जाते.

मैदान

भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार छंदासाठी उडवायचे, डोळ्यांनी दिसेल एवढ्याच अंतरात राहणारे मॉडेल २५ किलोपर्यंत धरले जाते. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा. तिथे उंचीची मर्यादा ४०० फूट, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. जागेच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावीच लागते.

रेंज तपासणी ३० पावलांवरून, रिमोट रेंज मोडमध्ये (कमी शक्तीवर) ठेवून. एकदा इंजिन बंद असताना आणि एकदा अर्ध्या थ्रॉटलवर. फक्त इंजिन चालू असताना सर्वो थरथरले तर दोष इग्निशनमध्ये आहे. रिमोट बंद केल्यावर थ्रॉटल आयडलवर जातो का, तेही पाहा. मग विमानाच्या मागे उभे राहा. रिमोटची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर यायला हवा. ही तपासणी मोठ्याने बोलत करा, कारण उलटा जोडलेला एलेरॉन चांगल्या जाणकारांच्याही नजरेतून सुटतो.

पहिले उड्डाण

सकाळची वेळ, वारा ताशी १० किलोमीटरच्या आत, ४०० मिलिलिटर टाकी पूर्ण भरलेली, टायमर ६ मिनिटांवर. शेजारी एक सहायक, जो फक्त विमान पाहतो आणि उंची, वेळ व इतर विमाने सांगतो.

वाऱ्याच्या तोंडावर उभे करा. इलेव्हेटर थोडा वर धरून थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा. एकदम उघडला की विमान डावीकडे ओढते. उजवा रडर तयार ठेवा. शेपटी उचलली की इलेव्हेटर सोडा आणि विमानाला आपोआप उठू द्या. ओढून उठवलेला कब हमखास डावा पंख टाकतो. हे विमान ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल तुटते, त्यामुळे चढण उथळ ठेवून वेग जमू द्या. वीस मीटरच्या आत इंजिन गेले तर मागे वळायचे नाही. नाक खाली करा आणि समोरच उतरा.

५० मीटरला पोहोचल्यावर अर्ध्या थ्रॉटलवर ट्रिम करा, म्हणजे काठ्या सोडल्या तरी विमान सरळ जाईल असे जुळवा. वळताना रडर आणि एलेरॉन एकत्र द्या. लांब पंखाचा खाली गेलेला एलेरॉन जास्त रोध करतो, म्हणून नुसता उजवा एलेरॉन दिला की नाक आधी डावीकडे जाते. मंद वेगात पडलेला पंख एलेरॉनने उचलायला गेलात तर तोच पंख स्टॉल होऊन विमान गिरकी घेते. तिथे उलटा रडर आणि थोडा थ्रॉटल द्यायचा. हातांना सवय नसेल तर रिमोटवर एलेरॉनला १५ टक्के रडर मिसळा.

मग थ्रॉटल आयडलवर आणून इलेव्हेटर हळूहळू ओढा आणि कोणता पंख आधी पडतो ते पाहा. दोनदा करा. त्यानंतर उतरायचा मार्ग दोनदा रिकामा उडून पाहा, दहा मीटरवरून थ्रॉटल देऊन परत वर.

तिसऱ्या खेपेला उतरा. शेवटचे वळण रुंद घ्या, नाक जरा खाली, थ्रॉटल पाव, धावपट्टीची कड ओलांडेपर्यंत तसाच. पहिल्यांदा पुढच्या दोन चाकांवर उतरा. तिन्ही चाके एकत्र टेकवायचा हट्ट पुढच्या दिवसासाठी ठेवा. टेकल्यावर रडर सोडू नका, कब वळून गिरकी खातो तो याच क्षणी, विमान थांबायला तीन-चार मीटर राहिलेले असताना.

इंजिन बंद केल्यावर सायलेन्सरचे बोल्ट ते थंड झाल्यावर तपासा, त्यानंतर प्रॉपचे, मग काठ्यांचे. बिजागऱ्या एकेक ओढून पाहा. टाकीत उरलेले पेट्रोल मापा आणि खर्च झालेल्यावरून पुढच्या उड्डाणाचा टायमर लावा, एक तृतीयांश टाकी कायम शिल्लक राहील असा.