हॉटलाइनवर तक्रार आली, पण समितीकडे गेलीच नाही: पॉश प्रकरणात एचआरच्या या चुका टाळा

बहुराष्ट्रीय कंपनीच्या हिंजवडी किंवा ऐरोलीच्या ऑफिसातली लैंगिक छळाची तक्रार अनेकदा थेट मुख्यालयाच्या एथिक्स हॉटलाइनवर (गैरवर्तन कळवण्याच्या कंपनीच्या यंत्रणेकडे) जाते. तिला केस नंबर मिळतो, परदेशातला इन्व्हेस्टिगेटर व्हिडिओ कॉलवर दोघांशी बोलतो, निर्णय ईमेलने येतो. काम चोख दिसतं, पण २०१३च्या पॉश कायद्यानुसार (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा) चौकशी झालेलीच नसते, कारण ती करायची असते कंपनीने त्या ऑफिससाठी नेमलेल्या अंतर्गत समितीने. कारवाई झालेला माणूस नेमक्या याच मुद्द्यावर निर्णयाला आव्हान देतो आणि तक्रार खरी असूनही तक्रारदार महिलेच्या हाती काही लागत नाही.

म्हणून हॉटलाइनची नोंद म्हणजे समितीकडे केलेली तक्रार, असं कधीही धरू नका. कायद्याला लेखी तक्रार लागते, तीही शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत. समिती लेखी कारणं देऊन आणखी ३ महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. हॉटलाइनवर दोन महिने ‘प्राथमिक तपासणी’ चालली, तर ही मुदत तिच्या नकळत सरते. नोंद दिसताच तिला भेटा, मुदतीची तारीख सांगा. तिला लिहिणं जमत नसेल तर मदत करणं हे समितीचं कर्तव्यच आहे. तक्रारीच्या ६ प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते एकत्र घ्या.

‘इंडिया कमिटी’ एकच

भारतातल्या सगळ्या ऑफिसांसाठी एकच समिती नेमायची, ही चूक फार जुनी आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर प्रत्येक ठिकाणच्या ऑफिससाठी वेगळी समिती लागते. पुण्याची समिती नागपूरला चालत नाही. नागपुरात वरिष्ठ महिला नसेल तर अध्यक्षा दुसऱ्या ऑफिसातून घेता येते, पण समितीचा लेखी आदेश नागपूरचाच हवा. किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक बाहेरचा (महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला) आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. अध्यक्षेने नोकरी सोडली आणि नवा आदेश काढायचा राहिला, असं सर्रास घडतं. त्या काळात आलेली तक्रार ऐकायला वैध समितीच नसते. समितीच न नेमल्यास दंड ५०,००० रुपयांपर्यंत.

कर्मचारी मोजताना कंत्राटी, ट्रेनी, हाउसकीपिंग सगळे धरा. कंपनीने दिलेली कॅबही कामाचीच जागा आहे.

घाई

मुख्यालयाला पंधरा दिवसांत निकाल हवा असतो. कायद्याचं वेळापत्रक वेगळं आहे: तक्रारीची प्रत ७ कामकाजी दिवसांत समोरच्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला), त्याचं उत्तर १० कामकाजी दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण. बैठकीला अध्यक्षेसह किमान तीन सदस्य हवेत आणि कोणाच्याही बाजूने वकील चालत नाही. कोणी लागोपाठ तीन सुनावण्यांना आलं नाही तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात समितीने घाई केली, समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. वर्षानुवर्षं चाललेलं प्रकरण मूळपदावर आलं. तक्रारदार महिलेसाठी याहून मोठी शिक्षा नाही.

चौकशी चालू असताना तक्रारदार महिला, जिच्या तक्रारीत नाव आहे त्याच मॅनेजरला रिपोर्ट करत राहते, हेही थांबवा. तिने लेखी मागितल्यास समिती तिची किंवा त्याची बदली, अथवा तिला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा सुचवू शकते. हा मार्ग आहे, हे तिला सांगणं एचआरचं काम. समेट मात्र तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही.

निकालानंतर ‘केस क्लोज्ड’ एवढीच एक ओळ पाठवू नका. चौकशी संपल्यापासून १० दिवसांत अहवाल कंपनीला आणि दोन्ही पक्षांना मिळायला हवा, ‘लीगलचा गोपनीय दस्तऐवज’ म्हणून तो अडवता येत नाही. शिफारशींवर कारवाई ६० दिवसांत. उलट, मुख्यालयाच्या ग्रुप मेलवर नावासकट तपशील फिरवणं हा गोपनीयतेचा भंग आहे.

समितीच्या वार्षिक अहवालाला कंपनीचं आर्थिक वर्ष लावू नका, तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांतल्या २०२५च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळाच्या अहवालातही आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ९० दिवसांहून अधिक रखडलेल्या तक्रारींचे आकडे द्यावे लागतात. तेव्हा तारखांचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा.