काजूबागायतीतला वणवा : या चुका टाळा

फेब्रुवारीत जाळरेषा (आग अडवायला पाला ओढून मोकळा केलेला पट्टा) काढली, आता घोर नाही, असं म्हणणारे बागायतदार गोव्यातल्या सत्तरीत वाड्यावाड्यावर भेटतील. मीही त्यातलाच होतो. पण पानगळ आपल्यासाठी थांबत नाही. माटी-किंदळीच्या झाडांची पानं आठवड्याभरात तो पट्टा पुन्हा झाकून टाकतात आणि आग त्यांवरून आरामात पलीकडे येते. पट्टा लाल माती दिसेपर्यंत ओढा आणि पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला त्यावर दाताळं फिरवा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

बिया वेचायला सोपं जावं म्हणून पाला गोळा करून दुपारी काडी लावणं, ही त्याहून मोठी चूक. त्या वेळी समुद्राकडचा वारा जोरात असतो आणि उतारावर आग वरच धावते. पाला काजूच्या बुंध्याशी घाला, ओल टिकेल. बागायत अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिथे आग लावणं गुन्हाच आहे.

२०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतलं. तेव्हापासून काहींना वाटतं, कोणीतरी वरून येईलच. आणि उपग्रह? आगीचा इशारा देणारा उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. पहिला धूर तुम्हालाच दिसणार. लगेच ११२ किंवा १०१ लावा. मात्र ‘डोंगराला आग लागलीय’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. वाडा कुठला, डोंगराची बाजू कुठली, गाडी कुठवर येते, पाणी कुठे आहे, हे सांगा. बंब रस्ता सोडून चढण चढत नाही, पुढे माणसंच चालत जातात. वाट दाखवायला एकजण रस्त्यावर उभा ठेवा.

आगीच्या वरच्या अंगाला उभं राहून झोडपू नका. खालून आणि बगलेने, ओल्या डहाळ्यांनी झोडपा. अंगात सुती कपडे हवेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

ज्वाळा गेल्या की लोक घरी निघतात. शेजारच्या भाटात, म्हणजे बागायतीत, संध्याकाळी विझवलेली आग रात्री एका पोकळ खोडातून परत उठली होती. आता आम्ही राखेवर उलटा हात धरून बघतो. ऊब लागली की कोयत्याने खोड फोडायचं, आत पाणी-माती घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी, चहाच्या आधी.