शिक्षा भोगून आल्यावर रेशनचे धान्य
गोव्यातील कोलवाळच्या तुरुंगातून सुटलेल्या माणसाला रेशन मिळत नाही, हा समज मनातून काढून टाकावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात शिक्षा झाली म्हणून धान्य नाकारण्याची तरतूदच नाही. घरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झाले असल्यास ते कार्ड, आधार आणि सुटकेचा दाखला घेऊन तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयात अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा, कारण पुढे अडचण आली तर तोच कागद कामी येतो. प्राधान्य गटात माणशी महिना ५ किलो, अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब गटातील कुटुंबास ३५ किलो धान्य मोफत मिळते. कष्टाच्या कामाने बोटांचे ठसे झिजून रेशन दुकानातील यंत्रावर जुळत नसतील, तर आधार केंद्रात ते अद्ययावत करावेत. तोंडी नकार मुळीच मानू नये; लेखी कारण मागून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी.