चॅम्पियन घोड्याची पुढची रेस ठरवताना या चुका टाळा

घोडा अजून धापा टाकत असतो. सईस त्याच्या मानेवर पाणी ओतत असतो, जॉकी खोगीर काखोटीला मारून वजन द्यायला निघालेला असतो, आणि तेवढ्यात मालकापुढे माईक येतो: "आता पुढे कुठे?" त्या घटकेला तोंडातून जे नाव निघतं, ते मागे घेणं फार जड जातं. बातमी छापून येते, पाहुण्यांची विमानाची तिकिटं निघतात आणि मग घोड्याला काय वाटतं हे विचारायचं राहूनच जातं.

आधी रेस, मग घोडा

बाकीच्या बहुतेक चुका या एकीच्या पोटातल्या. मोठी रेस कॅलेंडरवर लाल पेनाने रंगवायची आणि घोड्याला तिच्यात कोंबायचं. उलटं करायला हवं. शेवटच्या रेसनंतर घोडा कसा सावरतोय ते बघायचं आणि तिथून पुढे दिवस मोजायचे.

हे बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे गव्हाण. पहाटे तबेल्यात गेल्यावर रात्रीची चंदी चाटूनपुसून संपलेली दिसली तर निम्मी काळजी मिटली. तळाला मूठ-दोन मुठी उरल्या असतील, किंवा घोड्याने दाणे नाकाने बाजूला सारून नुसता चारा खाल्ला असेल, तर काहीतरी बिनसलंय. त्याला बाहेर काढून कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून बघा, डोकं एका पायावर झुकतंय का. सांध्यांवर हात फिरवा, कुठे ऊब लागते का. घोड्याच्या स्नायूंत खर्च झालेली साखर भरून निघायला दोन-तीन दिवस लागतात, माणसापेक्षा बराच जास्त वेळ. म्हणून शनिवारच्या रेसनंतर रविवारी टवटवीत दिसणाऱ्या घोड्यावर विश्वास ठेवू नये. "पुढे कुठे?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "बुधवारी सांगतो" हेच.

अंतराबद्दलचा लोभ

१२०० मीटरला कोणी हात लावू शकत नाही, मग १६०० का नको? हा मोह सगळ्यांना होतो. हाँगकाँगचा सायलेंट विटनेस पहिल्या रेसपासून सलग १७ जिंकला होता. २००५ मध्ये त्याला चॅम्पियन्स माईलमध्ये १६०० मीटरला उतरवलं आणि बुलिश लकने त्याला शॉर्ट हेडने, म्हणजे डोक्याच्या लांबीहूनही कमी अंतराने, गाठलं. गंमत म्हणजे दोघांचा ट्रेनर एकच, टोनी क्रूझ. पुढच्या महिन्यात जपानमध्ये यासुदा किनेन, पुन्हा १६०० मीटर, पुन्हा हार, तिसरा नंबर. ऑक्टोबरमध्ये त्याच जपानमध्ये स्प्रिंटर्स स्टेक्सला तो १२०० मीटरवर परतला आणि जिंकला. माझ्या मते माईलचा प्रयत्न मूर्खपणा नव्हता, शॉर्ट हेड म्हणजे काही फजिती नव्हे. पण उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारायला नको होता.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा फ्रँकेल. २०११ मध्ये त्याने '२००० गिनीज' ही एका मैलाची रेस सहा लेंग्थनी (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारली, तेव्हा दीड मैलाच्या डर्बीचा मोह किती झाला असेल! त्याचा ट्रेनर हेन्री सेसिलने त्याला डर्बीसाठी एप्समला नेलंच नाही. घोडा तेव्हा लगाम ओढून पळणारा, तापट. दीड मैलात स्वतःलाच जाळून घेतला असता. वर्षभर त्याला शांत व्हायला शिकवलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये यॉर्कला पहिल्यांदा सव्वा मैलाच्या पुढे नेलं. तिथे सात लेंग्थनी जिंकला. अंतर झेपेल का हे नुसत्या वंशावळीवर ठरवू नका. पहिल्या दोन फर्लांगात (फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर) जॉकीच्या हातांवर किती ताण येतो तेही बघा. तिथे दम वाया घालवणाऱ्या घोड्याला शेवटचा फर्लांग महाग पडतो.

"टर्फ तो टर्फच"

टर्फ म्हणजे गवताचा ट्रॅक. असं म्हणणाऱ्याने मेलबर्नचं जुनं मूनी व्हॅली आणि टोकियो शेजारी ठेवून बघावं. एकीकडे २०२५ पर्यंत शेवटची सरळ पट्टी १७३ मीटर होती, दुसरीकडे ५२५. मागून येऊन झडप घालणाऱ्या घोड्याला तेवढ्या आखूड पट्टीवर वळणावरच हालचाल करावी लागते, नाहीतर पट्टी संपते तरी तो आपला येतोच आहे. वळण डावीकडे की उजवीकडे, हेही तपासा. एकाच बाजूला झुकून पळायची सवय झालेला घोडा उलट्या वळणावर बाहेर फेकला जातो.

आणि गोइंग, म्हणजे जमीन किती मऊ किंवा कडक आहे ते. पाऊस पडून जमीन मऊ झाली की वेगवान, हलक्या पावलांच्या घोड्याचं अस्त्रच बोथट होतं. २००९ मध्ये सी द स्टार्स आयरिश डर्बीला पळाला नाही, कारण जमीन त्याला हवी तशी नव्हती. एवढी प्रतिष्ठेची रेस सोडून दिली म्हणून कुणाची नाचक्की झाली नाही. नाव काढून घेण्याची तयारी नसेल तर नाव घालूच नये, असं मी तरी म्हणेन.

गवतावरून डर्टवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, जाणं हा त्याहून मोठा जुगार. समोरच्या घोड्याच्या टापांनी उडालेली माती थेट तोंडावर येते आणि कित्येक घोडे तिथेच माघार घेतात. रोमँटिक वॉरियर फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदी कपला पहिल्यांदाच डर्टवर उतरला आणि फॉरएव्हर यंगकडून फक्त नेकने हरला. तो अपवाद आहे. त्याच्याकडे बघून आपला घोडा डर्टवर नेऊ नका. आधी सकाळच्या कामात दोन-तीन घोड्यांच्या मागे, मातीच्या माऱ्यात पळवून बघा.

प्रवास म्हणजे फक्त विमानाचं तिकीट

विमानात घोडा स्टॉलमध्ये उभा असतो, डोकं वर बांधलेलं. घोड्याची छाती साफ होते ती मान खाली घातल्यावर, चरताना. मान खाली जात नाही तेव्हा काही तासांतच घाण श्वासनळीत साठू लागते, आणि लांबच्या प्रवासानंतर येणारा ताप बहुधा इथूनच येतो. म्हणून दोर ढिला ठेवणं, मध्येमध्ये मान खाली घालू देणं, गवताची जाळी खालच्या बाजूला बांधणं, उतरल्यावर पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं. पाणी न पिणारा घोडा वजन उतरवूनच पोहोचतो. ते भरून येईपर्यंत जोराचं काम नको.

ब्लॅक कॅव्हियार २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाहून रॉयल अॅस्कॉटला गेली आणि डायमंड ज्युबिली स्टेक्स जेमतेम हेडने जिंकली. जॉकीने शेवटी हात ढिले सोडले म्हणून त्याला खूप बोल लागले. नंतर तपासणीत तिचे स्नायू फाटलेले निघाले. जिंकलेल्या रेसनंतरसुद्धा घोडा तपासायचा असतो, तो यासाठी.

लांब जायचंच असेल तर जाऊन राहा. जपानच्या एल कोंडोर पासाने १९९९ चा मोसम फ्रान्समध्ये काढला, तिथे सेंट-क्लाऊडची ग्रां प्री आणि प्री फॉय जिंकली, आणि आर्कमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये, माँजूला अर्ध्या लेंग्थपर्यंत भिडला. २००६ मध्ये जपानचाच डीप इम्पॅक्ट तिथे एकही रेस न पळता थेट आर्कला उतरला. तिसरा आला, आणि नंतर नमुन्यात इप्राट्रोपियम सापडल्याने तोही नंबर गेला.

कागद न वाचणं

इप्राट्रोपियम हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध. एका देशात चालणारं औषध दुसरीकडे रेसच्या दिवशी अंगात सापडलं की संपलं. अमेरिकेत काही रेसना रेसच्या दिवशी लॅसिक्स (फुप्फुसातला रक्तस्राव रोखायला दिलं जाणारं औषध) देता येतं, युरोपात किंवा जपानमध्ये नाही. गेल्डिंगला, म्हणजे खच्ची केलेल्या घोड्याला, एप्समच्या डर्बीत प्रवेशच नाही; आर्कमध्येही २०२५ पर्यंत नव्हता. एंट्रीची तारीख चुकली तर उशिरा नाव घालायला पैसे मोजावे लागतात: २०१५ च्या डर्बीसाठी गोल्डन हॉर्नच्या मालकाने ७५,००० पाउंड भरले. तो जिंकला म्हणून ते स्वस्त वाटले. क्वारंटाइनचे दिवसही आधीच मोजा, कारण त्या काळात हवं तसं ट्रॅकवर्क मिळेलच असं नाही.

हँडिकॅपमध्ये, म्हणजे जितका चांगला घोडा तितकं जास्त वजन अशा रेसमध्ये, उतरवताना वजनाची अपेक्षा आधीच करून ठेवा. चॅम्पियनला सूट मिळत नाही, उलट भार मिळतो. मकायबी दिवाने २००५ चा मेलबर्न कप ५८ किलो घेऊन जिंकला, सलग तिसरा, आणि तिथेच तिला थांबवलं.

एक रेस जास्त

थांबवणं भल्याभल्यांना जमत नाही. डान्सिंग ब्रेव्हने ऑक्टोबर १९८६ मध्ये आर्क अशी जिंकली की लोक अजून बोलतात. चार आठवड्यांत त्याला कॅलिफोर्नियाला ब्रीडर्स कप टर्फसाठी नेलं. चौथा आला. सी द स्टार्स मे ते ऑक्टोबर २००९ दर महिन्याला एक ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची रेस, जिंकत गेला. आर्क झाल्यावर त्यालाही अमेरिकेला न्यायची चर्चा होतीच. ट्रेनर जॉन ऑक्सने त्याला घरी नेलं.

हरल्यावर लगेच रेस बदलू नका

हार झाली की पहिला विचार येतो: अंतर चुकलं, ट्रॅक चुकला, जॉकी बदला. त्याआधी घोडा तपासा. रेसनंतर तासा-दीड तासात एंडोस्कोपी करून फुप्फुसातून रक्त आलंय का ते बघा. रक्ताची चाचणी, वजन, टापा. आणि तोंडात हात घाला. एप्रिल १९७३ मध्ये सेक्रेटेरियट वूड मेमोरियलला तिसरा आला, तेव्हा अंतर जास्त होतंय अशी कुजबुज सुरू झाली. त्याच्या ओठाच्या आत गळू होतं. लगाम ओढला की दुखत होतं. दोन आठवड्यांनी त्याने त्याहून लांबची केंटकी डर्बी विक्रमी वेळेत जिंकली. ऑगस्टमध्ये व्हिटनीला तो ओनियनकडून हरला, तेव्हा अंगात ताप होता.

तपासणीत काहीच सापडलं नाही तर बहुधा घोडा थकलेला असतो. त्यावर औषध म्हणजे कॅलेंडरवरची एक ओळ खोडणं. अमेरिकन फरोआ २०१५ मध्ये ट्रिपल क्राउननंतर (अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस एकाच मोसमात जिंकल्यावर) ट्रॅव्हर्सला कीन आइसकडून हरला, तेव्हा मालकाच्या तोंडी निवृत्तीची भाषा आली होती. मग दोन महिने त्याला एकाही रेसमध्ये उतरवलं नाही. ३१ ऑक्टोबरला कीनलँडला तो ब्रीडर्स कप क्लासिक साडेसहा लेंग्थनी जिंकला.